मदत हवी आहे: कोजागिरीचं दूध इंडक्शनवर आटवताना खाली लागतंय

लग्नानंतरची पहिली कोजागिरी, गच्चीवर शेजारचे धरून १५ जण होतील आणि मसाला दूध मी करते म्हणून सांगून बसलेय. घरी गॅस नाही, फक्त इंडक्शन आणि पातळ स्टीलचं पातेलं. अर्धा लिटरवर ट्रायल घेतली, फुल क्रीम दूध, आधी पातेल्यात थोडं पाणी, मग सतत ढवळत राहिले, साखर शेवटी, तरी करपट वास आलाच (नवरा म्हणतो मस्त झालंय, पण तो सध्या सगळ्यालाच मस्त म्हणतो). मिल्क पावडर नकोय. मसाला तयार आहे, बदाम पिस्ते वेलची जायफळ केशर. इंडक्शनला चालेल असं जाड बुडाचं पातेलं घ्यायची तयारी आहे, पण त्याने खरंच फरक पडतो का, किती वॅटवर ठेवू आणि छोटे कप धरले तर १५ जणांना किती लिटर दूध घेऊ?