मदत हवी आहे: बोटीचं इंजिन लोडवर बसतंय, न्यूट्रलला एकदम ओके

नमस्कार मंडळी. हर्णैला आमच्या काकांची लाकडी बोट आहे, गिलनेटची, छोटीच, आणि तिच्या इंजिनाने सीझनच्या तोंडावर डोकं खाल्लंय. चार सिलिंडरचं डिझेल इंजिन आहे, मरीन गिअरबॉक्स, इनलाईन इंजेक्शन पंप (नोझलला दाबाने डिझेल देणारा), दोन फिल्टर. डिझेलची टाकी पत्र्याची, साधारण २०० लिटरची, इंजिनच्या मागे खाली बसवलेली. १ जून ते ३१ जुलै बंदी असते त्या काळात बोट वर ओढून शाकारून ठेवलेली. बंदीआधी काहीच तक्रार नव्हती.

आता प्रॉब्लेम असा की जेटीला बांधून न्यूट्रलला कितीही रेस करा, मस्त ओढतं, धूर नाही, आवाज स्वच्छ. गिअर टाकून निघालो की पंधरा-वीस मिनिटं नीट, मग सुवर्णदुर्गाच्या पुढे जरा उघड्यावर गेलो आणि रेस वाढवली की हळूहळू दम सोडतं, आरपीएम खाली येतात, ॲक्सिलेटर पुढे ढकलला तरी प्रतिसाद नाही आणि एकदाचं बसतं. काळा धूर अजिबात नाही. टेंपरेचर, ऑइल प्रेशर नॉर्मल. बंद पडल्यावर फिल्टरचा स्क्रू सैल करून हँड प्रायमर (हाताने डिझेल ओढायचा दट्ट्या) मारला की आधी फेस येतो, मग डिझेल, मग इंजिन पहिल्या सेल्फला चालू, आणि परत थोड्या वेळाने तेच नाटक.

दोन्ही फिल्टर नवीन टाकले, टाकीचं खालचं नळकांडं उघडून पाणी काढलं (निघालं, पण वाटीभरसुद्धा नाही), फीड पंपाची (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) जाळी साफ केली. मिस्त्री म्हणतो इंजेक्शन पंप गेला, उतरवून चिपळूणला कॅलिब्रेशनला पाठवू. त्याचा खर्च आणि त्यात जाणारे दिवस दोन्ही परवडणारे नाहीत, आणि पंप गेला असता तर न्यूट्रलला पण काहीतरी दाखवलं असतं ना? का मी चुकतोय? काका म्हणतात पंख्यात (प्रोपेलरमध्ये) जाळ्याचा दोर अडकला असेल, पण ओहोटीला जाऊन बघितलं, पंखा मोकळा आहे, शाफ्ट हाताने फिरतो. जाणकारांनी सांगा, पंपाला हात लावायच्या आधी काय काय बघू?

प्रतिसाद:
धूर नाही म्हणजे पंखा किंवा ओव्हरलोड नाही, काकांना सांगा. लोड जास्त झाला की पंप डिझेल वाढवतो, ते जळत नाही, काळा धूर येतो. तुमच्याकडे उलटं आहे, इंजिन उपाशी मरतंय. अजून एक फालतू वाटेल पण बघा, स्टॉपची केबल, इंजिन बंद करायची. इंजिनचे माउंटिंग रबर बसले असतील तर गिअरमध्ये जोर आला की इंजिन एका बाजूला कलतं आणि केबल स्टॉप लिव्हर थोडा ओढते. पण फेस येतोय म्हणजे तुमचं बहुतेक डिझेलमध्ये हवा शिरण्याचंच आहे.

प्रतिसाद:
पंप उतरवू नका दादा, आधी कॅन टेस्ट करा. वीस लिटरचा स्वच्छ कॅन इंजिनच्या बाजूला बांधा, फीड पंपाची सक्शन नळी त्यात सोडा, रिटर्न पण त्यातच, आणि तशीच बोट घेऊन जा, सोबतीला दुसरी बोट ठेवा म्हणजे अडकलात तर ओढून आणता येईल. कॅनवर चाललं तर पंप, नोझल सगळं सुटलं, दोष टाकी ते फीड पंप एवढ्यातच. कॅनवर पण बसलं तर मग मिस्त्रीचं ऐका.

आणि एक विचारतो, टाकी भरलेली असताना लवकर बसतं की अर्धी असताना?

धागाकर्ता:
बरं झालं विचारलंत, हे माझ्या लक्षातच नव्हतं आलं. फुल टाकी करून निघालो तेव्हा लवकर बसलं. मधे एकदा टाकी अर्ध्याच्या खाली होती तेव्हा जाळी टाकून, उचलून, आरामात परत आलो. आम्ही म्हटलं आपोआप बरं झालं! आणि काका म्हणतात बंद पडायच्या आधी टाकीचा पत्रा ठप्पकन वाजतो, आम्हाला वाटलं लाटेने असेल.

प्रतिसाद:
मग सापडलं म्हणा. टाकीचा व्हेंट, म्हणजे हवा आत यायची नळी, बंद आहे. डिझेल जातंय पण त्या जागी हवा आत येत नाही, टाकीत ओढ तयार होते, पत्रा आत बसतो तोच आवाज. भरलेल्या टाकीत वर मोकळी जागा थोडी, म्हणून पाच लिटर गेलं तरी ओढ चांगलीच वाढते. अर्ध्या टाकीत शंभर लिटर हवा असते, तिला ताणायला वेळ लागतो. न्यूट्रलला डिझेल लागतंच किती, त्यामुळे तिथे कळत नाही. आणि एवढी ओढ लागली की जिथे कुठे सक्शनचा जॉइंट जरा सैल असेल तिथून हवा घुसते, तोच तुमचा फेस. पुढच्या वेळी दम सोडायला लागलं की इंजिन चालू असतानाच टाकीचं झाकण उघडा, फुस्स आवाज येईल आणि आरपीएम वर येतील.

धागाकर्ता:
झाकण उघडलं, असा आवाज आला की काका दचकले. जरा वेळ लागला पण रेस परत आली. नंतर व्हेंटची नळी सोडवून तारेने टोचली तर आतून वाळलेल्या चिखलाचे गोळे पडले, कुंभारीण माशीने पावसाळ्यात आत घर केलं होतं. सक्शनच्या बँजो बोल्टचे (नळी जोडायचा पोकळ बोल्ट) तांब्याचे वायसर पण बदलले, एक पार चपटा झालेला. फुल टाकीवर जाऊन आलो, कुठेच बसलं नाही. आता नळीच्या तोंडाला बारीक जाळी लावायची आहे, पितळेची मिळत नाहीये, स्टीलची चालेल का?

प्रतिसाद:
चालेल, ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसची घ्या, साधी गंजते. तोंड खाली वाकवा म्हणजे लाटेचं पाणी आत जाणार नाही, आणि जाळीवर मीठ धरतं तेवढं अधूनमधून ब्रशने झाडत जा.