'प्रजासत्ताक दिना'तली प्रजा कोणाची?

प्रश्न :
लेकीकडून २६ जानेवारीचं भाषण पाठ करून घेत होते. मधेच थांबून म्हणाली, "आई, प्रजा राजाची असते ना? आपल्याकडे राजाच नाही, मग प्रजा कुठून आली?" मला काही सुचेना. त्यात तिच्या पुस्तकाच्या सुरुवातीला संविधानाची उद्देशिका आहे, तिथे 'लोकशाही गणराज्य' छापलंय. मग दिवस तेवढा 'प्रजासत्ताक' का?

उत्तर :
लेकीनं बरोबर पकडलंय! पण 'प्रजा' मुळात राजाची नाही. संस्कृतात 'प्र + जन्', म्हणजे जन्माला येणं. प्रजा म्हणजे संतती. पोरांनी घर डोक्यावर घेतलं की 'काय ही प्रजा!' म्हणतो, तो हाच अर्थ. राजानं लोकांना लेकरांसारखं पाळावं, या कल्पनेतून 'रयत' हा अर्थ मागून चिकटला. 'प्रजासत्ताक' हे खरं तर विशेषण, 'प्रजासत्ताक राज्य' यातलं. 'राज्य' गळालं आणि विशेषणच नाम होऊन बसलं. ज्यांच्यावर सत्ता चालायची त्यांच्याच हाती ती आली, हे या शब्दात दिसतं, म्हणून मला तो 'गणराज्या'पेक्षा आवडतो. गुजरातीतही 'प्रजासत्ताक'च आहे, बंगालीत 'प्रजातंत्र'. हिंदीत मात्र 'गणतंत्र'.

दुसरं उत्तर :
'गणराज्या'ला इतकं खाली बसवू नका. बुद्धाच्या काळी वैशालीचे लिच्छवी सभा भरवून कारभार करत, तेव्हापासूनचा हा वारसा. (त्या सभेत सगळ्यांना जागा नव्हती, हे मान्य.)

लेकीला तारखेचंही सांगा. संविधान २६ नोव्हेंबर १९४९ लाच स्वीकारलं होतं. बहुतेक कलमांचा अंमल मुद्दाम २६ जानेवारीपासून. कारण लाहोर अधिवेशनातल्या ठरावानंतर २६ जानेवारी १९३० रोजी देशभर पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घेतली गेली होती. पुढे दरवर्षी याच तारखेला 'स्वातंत्र्यदिन' पाळायचे! १९४७ साली ते नाव १५ ऑगस्टकडे गेलं आणि २६ जानेवारी बिननावाची राहिली. १९५० साली तिला हे नवं नाव मिळालं.

प्रश्नकर्ती :
दोघांचे आभार. भाषण चार ओळींनी वाढलं, लेक रुसली आहे. आता एकच शंका : आमच्या चौकातल्या फ्लेक्सवर 'प्रजासत्ताक दीनाच्या हार्दिक शुभेच्छा' आहेत. हा दीन कोण, ते तिनं विचारलं तर काय सांगू?