सिलिंडरमधला अर्धा तास

'स्काडा (यंत्रं संगणकावरून चालवणारी प्रणाली) आल्यापासून एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प) ऑपरेटर म्हणजे फक्त बटणं दाबणारा माणूस' असं म्हटलं जातं, ते मला अजिबात पटत नाही. पंप आणि हवा सोडणारे ब्लोअर स्क्रीनवरून चालतात, इतपत खरं. पण सांडपाणी साफ करतात ते जिवाणू, आणि त्यांची तब्येत बघायला एरेशन टँकमधलं (जिथे पाण्यात हवा सोडतात) लिटरभर पाणी सिलिंडरमध्ये घेऊन अर्धा तास स्थिर ठेवावं लागतं. ३०० मिली गाळ बसला आणि एमएलएसएस (एक लिटर पाण्यातला गाळ, मिलिग्रॅममध्ये) ३००० असेल, तर एसव्हीआय (एक ग्रॅम गाळ बसल्यावर किती मिली जागा घेतो तो आकडा) १०० येतो, म्हणजे उत्तम. १५०च्या वर सरकला की गाळ फुगतोय का, म्हणजे नीट खाली बसत नाहीये का, ते बघायचं. रंग चॉकलेटी हवा, वास ओल्या मातीचा.

आमच्या प्लांटवर एकदा डीओ मीटर (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजणारा) ०.५ मिग्रॅ/लिटरवर अडकला आणि हवा कमी आहे असं समजून ब्लोअर आपोआप पूर्ण वेगाने धावत राहिले. स्क्रीन बघून आम्ही नवे लोक घाबरलो. जुने ऑपरेटर काका मात्र सिलिंडरपाशी गेले. गाळ छान बसलेला, वरचं पाणी नितळ. 'हवा कमी नाहीये, प्रोब वर काढा,' म्हणाले. प्रोबवर, म्हणजे मीटरच्या पाण्यातल्या टोकावर, बुळबुळीत थर चढला होता. त्यातले जिवाणू तिथलाच ऑक्सिजन खातात, म्हणून आकडा खोटा कमी येतो. पुसल्यावर ४ दिसलं, खरं तर २ पुरतो. तोवर किती वीज फुकट गेली असेल! विजेचा सर्वांत मोठा खर्च हवेवरच होतो. काकांना पगार हेल्परचा मिळायचा, याचं मला आजही वाईट वाटतं.