मुंबईच्या घरातली माशांची पेटी : आपापले अनुभव लिहा

मासे कसे पाळावेत याची माहिती ढिगाने मिळते, पण ती लिहिणारे बहुतेक थंड देशांतले असतात. त्यांची पहिली काळजी हीटरची. आपल्याकडे हीटर खोक्यात पडून राहतो आणि काळजी वेगळ्याच असतात. गच्चीवरच्या टाकीत नक्की कुठलं पाणी आहे, मे महिन्यात पेटीचं पाणी किती तापतं, लाकडी जमिनीवर किती वजन ठेवायचं, गणपतीला गावी जाताना माशांना कोण बघणार. हे सगळं मुंबईत मासे पाळणाऱ्यांना तोंडपाठ आहे, फक्त एका जागी लिहिलेलं नाही. म्हणून हा धागा.

गोड्या पाण्यातल्या, उष्ण प्रदेशातल्या माशांपुरतंच बोलू. लिहिताना पाणी कुठलं, पेटी केवढी आणि कुठले मासे टिकले एवढं जरूर सांगा. दुकानांची नावं नकोत. सुरुवात मी करते.

दादर

माझ्याकडे अडीच फुटी पेटी आहे, पाणी पालिकेच्या नळाचं. हे पाणी वैतरणा, तानसा, भातसा या तलावांचं, भांडुपला शुद्ध होऊन येणारं. मुळात ते मऊ आहे, क्षार कमी. निऑन टेट्रा, एंजल, कोरीडोरास हे दक्षिण अमेरिकेतल्या मऊ पाण्याचे मासे, त्यामुळे ते इथे छान राहतात. अडचण फक्त क्लोरीनची. पावसाळ्यात नळाखाली बादली धरली की वास नाकात जातो. त्या दिवसांत मी अंदाजावर चालत नाही. सोडियम थायोसल्फेटचे खडे, ज्याला दुकानात अँटिक्लोर म्हणतात, ते बादलीतच विरघळवते आणि मग पाणी पेटीत घालते. एरवी उघड्या बादलीत रात्रभर ठेवलेलं पाणी चालतं.

नव्या लोकांना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते. पेटी आणली, पाणी भरलं आणि त्याच संध्याकाळी डझनभर मासे सोडले, असं करू नका. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो. एक जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. पहिली दोन्ही माशांना विषारी, तिसरं बऱ्याच प्रमाणात सहन होतं आणि पाणी बदलताना निघून जातं. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात, रेतीत वस्ती करतात आणि ती वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. ओळखीत कोणाची जुनी पेटी असेल तर त्यांच्या फिल्टरमधला वापरातला स्पंज मागून घ्या. याहून चांगली भेट नाही.

स्पंज धुवायची माझी पद्धत अशी. आठवड्याला पाव पाणी बदलते तेव्हा सायफनने काढलेलं पेटीचंच पाणी बादलीत घेते, स्पंज त्यात बुडवून दोनतीनदा पिळते. पाणी चहाच्या रंगाचं होतं, स्पंज तपकिरीच राहतो, आणि तसाच राहायला हवा. नळाखाली धरून पांढराशुभ्र केला तर क्लोरीनने सगळे जिवाणू मरतात. पेटी पुन्हा पहिल्या दिवसावर येते.

कांदिवली, चारकोप

दादरच्या ताईंना नळाचं पाणी बारा महिने मिळतं, हे नशीबच. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात पाणीकपात सुरू झाली की टँकर येतो, आणि टँकरचं पाणी बोअरवेलचं. नळाच्या पाण्याला टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) शंभराच्या आत आकडा दाखवतो, टँकर आला की तोच मीटर आठशेच्या पुढे जातो. बाहेरून दोन्ही पाणी सारखंच स्वच्छ दिसतं, माशाला मात्र फरक लगेच कळतो. टेट्रा कोपऱ्यात दाटीने उभे राहतात, रंग उतरतो.

मी यावर दोन उपाय केले. पहिला म्हणजे न्हाणीघरात झाकणाचा ड्रम. नळाचं पाणी चालू असतं तेव्हा तो भरून ठेवतो आणि टँकरच्या दिवसांत पेटीला त्यातलंच पाणी देतो. दुसरा उपाय जास्त टिकाऊ ठरला. मासेच बदलले. आता माझ्याकडे मॉली, प्लॅटी आणि गप्पी आहेत. यांना जड, म्हणजे जास्त क्षारांचं पाणी मानवतं, मॉलीला तर आवडतंच. ज्या इमारतीत वर्षाचे चार महिने टँकर येतो तिथे मऊ पाण्याच्या माशांचा सोस धरण्यात अर्थ नाही, असं माझं ठाम मत आहे.

मे महिन्याबद्दलही सांगतो. दुपारी पेटीचं पाणी ३१-३२ अंशांवर जातं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून मासे वर येऊन तोंडं उघडझाप करतात. एअर स्टोन, म्हणजे पंपाची हवा बुडबुड्यांनी पाण्यात सोडणारा दगड, चालू ठेवा, झाकण काढून वर जाळी टाका, आणि छोटा टेबल फॅन पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लावा. दोन अंश तरी उतरतात. बर्फाचे खडे टाकू नका, एकदम गार पाण्याने मासा आजारी पडतो.

लालबाग

चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहते. जमीन लाकडी तुळयांवरची. आमच्या मुलाला चार फुटी पेटी हवी होती. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच म्हणजे साधारण २५५ लिटर पाणी, म्हणजे तेवढेच किलो. काच, रेती, स्टँड धरलं की ३०० च्या वर. हा भार एका जागी, दिवसरात्र. मी ठाम नाही म्हटलं. दोन फुटी घेतली, ५०-५५ लिटरची, आणि ती भिंतीला चिकटून, तुळया जिथे भिंतीत शिरतात तिथे ठेवली. पेटीखाली थर्माकोल घातलं, म्हणजे तळाच्या काचेवर ताण सारखा येतो. जुन्या इमारतीत राहणाऱ्यांनी आधी वजनाचा हिशेब करावा, मग मासे बघावेत.

आमच्याकडे गप्पी आहेत आणि मला त्यांच्याबद्दल कोणी कमीपणाने बोललेलं आवडत नाही. अंडी नाही, जिवंत पिल्लं देणारा मासा. साधारण चार आठवड्यांनी मादी विते, आणि एकदा नराशी जोडी जमली की पुढची काही बाळंतपणं नराशिवायही होतात. पिल्लांसाठी मी हायड्रिला ही पाणवनस्पती पाण्यावर पसरून ठेवते, नाहीतर मोठे मासे ती गट्ट करतात. मजल्यावरची सगळी मुलं संध्याकाळी पिल्लं मोजायला येतात. याच गप्पींना पालिकेचं कीटकनाशक खातं डासांच्या अळ्या खाण्यासाठी विहिरींमध्ये सोडतं. पालिकेची माणसं अळ्या शोधत घरोघरी येतात, तेव्हा आमची पेटी बघून पुढे जातात. मासे असलेल्या पाण्यात अळी वाचतच नाही.

एक विनंती. वाढलेले गप्पी शेजारच्या तळ्यात, नाल्यात सोडू नका. शेजाऱ्यांना द्या, दुकानात परत द्या.

कालिना

विजेबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला दिवसभरात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि आमच्या भागात वीज कित्येक तास नव्हती. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी अख्ख्या मुंबईची वीज गेली. एरवी मुंबईत वीज जात नाही, म्हणून आपण तयारीच ठेवत नाही. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घरात असू द्या, आणि सेलही. तो नसेल तर मगाने पेटीतलंच पाणी घेऊन वीतभर वरून परत ओतत राहा, दर थोड्या वेळाने. वीज येईपर्यंत खायला घालू नका.

बाहेर बसवलेला बंद डब्याचा फिल्टर असेल तर जास्त सांभाळा. आतलं पाणी वाहायचं थांबलं की तिथला प्राणवायू संपतो, जिवाणू मरतात, सडतात. वीज आली म्हणून तसाच चालू केला तर ती सगळी घाण एका झटक्यात पेटीत येते. आधी डबा रिकामा करा, पेटीच्या पाण्याने विसळा, मग बटण दाबा.

मुलुंड

मी मोठ्या माशांबद्दल लिहिणार आहे, आणि थोडं रागाने.

दुकानात बोटभर सकर मिळतो. 'काच साफ ठेवतो, काही खायला लागत नाही' असं सांगून विकतात. मलाही असंच सांगितलं होतं. तो मासा वाढून फूट-दीड फुटाचा होतो, शेवाळावर त्याचं भागत नाही, आणि भरपूर घाण करतो. ऑस्करचं तेच. दोन इंचाचं गोंडस पिल्लू वर्षभरात वीतभर होतं आणि पुढे फुटापर्यंत जातं. ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी जरूर पाळावा. ऑस्करसारखा माणसाला ओळखणारा, हातातून खाणारा मासा दुसरा नाही. पण दोन फुटी पेटीत तो कोंडणं हा त्या जिवावर अन्याय आहे.

मग मासा मावेनासा झाला की लोक पिशवी घेऊन पवई तलावावर जातात. 'जीव वाचवला' असं समाधान मिळतं. प्रत्यक्षात काय होतं ते उजनी धरणावरच्या मच्छीमारांना विचारा. तिथे जाळ्यात सकर येतात. अंगावर काटेरी कवच, जाळं फाडतात, बाजारात कोणी घेत नाही. काठावर बिळं करून अंडी घालणारा, वरची हवा गिळून कमी प्राणवायूतही जगणारा मासा आहे तो. एकदा शिरला की काढता येत नाही.

विकत घेण्याआधी 'पूर्ण वाढ केवढी' हा एक प्रश्न विचारा, आणि उत्तर दुकानदाराकडून न घेता स्वतः शोधा. ज्यांच्याकडे मोठा झालेला मासा आहे त्यांनी इथेच लिहा, मोठ्या पेट्या असलेले दोघेतिघे माझ्या ओळखीत आहेत.

विलेपार्ले

फायटर माशाची (बेट्टा) पिल्लं काढायचा नाद आहे, म्हणून तेवढंच सांगते.

पावसाळा हा या कामासाठी मुंबईतला उत्तम काळ. फायटरला पाण्याबाहेरची हवा घेता येते, डोक्यात त्यासाठी वेगळं इंद्रिय असतं, आणि ते पिल्लांमध्ये काही आठवड्यांत तयार होतं. त्या वेळी पाण्यावरची हवा उबदार आणि दमट हवी. आपल्याकडे जुलैत ती आयती मिळते, शिवाय मी पेटीवर काच सरकवून ठेवते.

नर बदामाच्या वाळक्या पानाखाली लाळेने घट्ट केलेल्या बुडबुड्यांचं घरटं बांधतो. मी त्याच्याजवळ मादीला काचेच्या ग्लासात ठेवते, तिच्या अंगावर उभे पट्टे दिसले की सोडते. नर मादीला विळखा घालतो, अंडी पांढऱ्या रव्यासारखी खाली पडायला लागतात आणि तो विळखा सोडून त्यांच्यामागे खाली जातो. एकेक अंडं तोंडात धरून वर नेतो, बुडबुड्यात बसवतो, परत खाली. अंडी घालून झाली की मादीला लगेच काढायचं, नाहीतर तो तिला मारतो. पुढचे दोन दिवस तो खातही नाही. घरट्यातून शेपटी खाली लोंबणारं पिल्लू पडलं की पुन्हा तोंडात उचलून वर. पिल्लं आडवी पोहायला लागली की नरालाही बाहेर काढते. पहिले काही दिवस पिल्लांना डोळ्यांना न दिसणारे जीव लागतात, जुन्या पेटीतल्या मॉसमध्ये ते असतात. नंतर रोज ताजा उबवलेला आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जिवाची पिल्लं.

आणि फायटर वाटीएवढ्या काचेच्या भांड्यात ठेवू नका. तो हवा घेतो म्हणून तग धरतो, सुखात नसतो. १५-२० लिटर पाणी त्याला द्या.

बोरिवली

व्हाइट स्पॉट या माशांच्या रोगाबद्दल. राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूला असल्याने आमच्याकडे जानेवारीत रात्री गार होतं, दिवसा परत तापतं. या चढउताराने माशांच्या अंगावर मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके येतात. औषध ठिपक्यावर चालत नाही, परजीवी ठिपक्यातून सुटून पाण्यात पोहतो तेव्हाच चालतं. म्हणून तापमान हळूहळू ३० पर्यंत न्यायचं, त्याचं चक्र वेगाने फिरतं. सोबत लिटरला साधारण २ ग्रॅम खडेमीठ, थोडंथोडं करून. ठिपके गेल्यावरही दहा दिवस उपचार चालू ठेवा. कोरीडोरास आणि लोच या तळाशी राहणाऱ्या माशांना मीठ सोसत नाही, त्यांना मात्रा कमी. खोक्यातला हीटर मुंबईत असा उपयोगी पडतो.

परळ

गणपतीला कोकणात जाताना मोठे, धडधाकट मासे आठवडाभर न खाता आरामात राहतात. त्याहून जास्त राहणार असाल तर शेजाऱ्यांकडे डबा देऊ नका. प्रेमाने मूठभर घालतात. मी एका वेळचं खाणं एका पुडीत अशा चिमूटभराच्या कागदी पुड्या बांधते, त्यावर तारीख लिहिते आणि एक दिवसाआड एक असं सांगते. निघायच्या दोन दिवस आधी पाणी बदलते, निघताना नाही.

गिरगाव

मी या नादाला लागलो तो तारापोरवाला मत्स्यालयामुळे. मरीन ड्राइव्हवरचं हे मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं, आणि आमच्या पिढीतल्या कित्येकांनी एंजल मासा पहिल्यांदा तिथेच पाहिला. सगळ्यांनी इतकं चांगलं लिहिलंय, मला फक्त एका दुर्लक्षित गोष्टीकडे लक्ष वेधायचं आहे. आपले स्वतःचे मासे.

सह्याद्रीतल्या ओढ्यांत रंगीत मासे कमी नाहीत. मिस केरळ हा मासा जगभर विकला जातो. २०१३ साली त्याच्या प्रजातिगटाला सह्याद्रिया हे नाव मिळालं. जंगलातून बेसुमार पकडल्याने तो धोक्यात आला, म्हणून घ्यायचाच तर पैदास केलेला घ्या. तरी मुंबईच्या फ्लॅटसाठी मी तो सुचवणार नाही. त्याला गार, वाहतं पाणी लागतं, आपला मे महिना त्याला जड जातो. सेटनाय बार्ब हा गोवा आणि आसपासच्या ओढ्यांतला छोटा, देखणा मासा. त्याचं शास्त्रीय वर्णन छापगर आणि साने यांनी १९९२ मध्ये केलं. हाही ओढ्यातून पकडून आणू नये.

मलबार डॅनियो आणि फिलामेंट बार्ब मात्र आमच्याकडे कितीतरी वर्षं उत्तम राहिले आहेत. दोघेही किनारपट्टीच्या हवेला सरावलेले, आपल्या नळाच्या पाण्यात खूश, चकचकीत आणि चपळ. सहा-आठचा घोळका ठेवा, एकटादुकटा मासा बुजतो. पेटी निदान तीन फुटी, पोहायला लांबी मिळाली पाहिजे. झाडं कडेला लावा आणि मधली जागा मोकळी ठेवा. डॅनियो उडी मारण्यात पटाईत, तेव्हा चारकोपच्या दादांनी उन्हाळ्यात सांगितलेली जाळी यांच्यासाठी बाराही महिने घट्ट बसवा. कोणी हे मासे पाळत असेल तर जरूर लिहा, माझ्याकडची पिल्लं द्यायची आहेत.