दुनळीच्या ‘रिब’ला मराठीत काय म्हणावं?

खाडीपलीकडचा: आजोबांची पीकसंरक्षण परवान्यावरची बर्मिंगहॅमची जुनी दुनळी घरात आहे. तिची नोंद मराठीत करून ठेवतोय. घोडे, चाप, दस्ता जमले. दोन नळ्यांच्या मधोमध मागून तोंडापर्यंत जी रिब जाते, तिथे गाडं अडलं. ‘बरगडी’ चालेल? आणि झिजली असेल तर ‘बरगडीची झीज’?

शब्दवेडी: बरगडी नको हो. बरगडी वाकलेली, आडवी. ही सरळसोट, नळीच्या लांबीने जाणारी. फ्रेंच तिला ‘बांद’ म्हणतात, इटालियन ‘बिंदेला’. दोन्हींचा अर्थ पट्टी किंवा फीत. जर्मनांना ती रुळासारखी वाटली, म्हणून ‘शीने’. इंग्रजांना बरगडी दिसली म्हणून आपल्यालाही दिसायलाच हवी का?

जुना ठासणीवाला: माझंही मत ‘पट्टी’ला. पण पट्ट्या दोन असतात, वरची आणि खालची. आडव्या, म्हणजे शेजारी-शेजारी नळ्यांच्या, दुनळीच्या नळ्या समांतर नसतात. मागे जाड, पुढे पातळ, आणि तोंडाकडे एकमेकींकडे किंचित कललेल्या, म्हणजे साधारण ४० यार्डांवर दोन्ही बार एका जागी पडावेत. मधे जी घळ राहते ती वरून-खालून पट्टीने झाकतात. आत बरीच पोकळी असते. जोड कथील-शिशाच्या डाखाचा. त्याआधी नळ्यांना आणि पट्टीला चक्क कल्हई करतात, आपल्या पातेल्यांना करतात तशीच, मग तारेने आवळून तापवतात.

खाडीपलीकडचा: वरची पट्टी मधे बरीच खोल गेलीय. झिजली ना?

जुना ठासणीवाला: बहुतेक नाही. कित्येक इंग्रजी दुनळींची पट्टी मुद्दामच खोलगट करत, नळ्यांच्या माथ्याखाली दबलेली. वजन वाचतं. उलट टोक म्हणजे लंडनचा बंदूक बनवणारा रॉबर्ट चर्चिल, त्याची पट्टी: उंच, अरुंद, पुढे निमुळती होत जाणारी, २५ इंची आखूड नळ्यांसाठी. खरी झीज बघायची तर पट्टीवरच्या बारीक रेघा बघा. चकाकी मारू नये म्हणून त्या कोरतात, आणि हात व चिंधी फिरून फिरून गुळगुळीत होतात. कारखान्याचं नावही तसंच पुसट होतं.

शब्दवेडी: मग शब्द वेगळे ठेवू या. हाताने होते ती झीज. गंजाने पोखरलं तर ‘खाल्लेली नळी’. आणि डाख सोडला तर? ‘सुटलेली’?

जुना ठासणीवाला: पूर्ण सुटली तर कोणीही ओळखेल. आधी ती उकलते, शिवणीसारखी, दोन-तीन इंच. त्या फटीतून पाणी पोकळीत जातं आणि नळी बाहेरच्या अंगाने, झाकलेल्या जागी खाल्ली जाते. कोकणातल्या पावसात तर बघायलाच नको.

निळाई: आमच्या बंदुकीचं असंच झालं. एका दुकानात नळ्या गरम क्षारांच्या हौदात घालून काळ्या करून आणल्या. वर्षभरात पट्टी हलायला लागली. उष्णतेने डाख वितळला असणार.

जुना ठासणीवाला: वितळला नसावा. हौद साधारण १४० अंश सेल्सिअसचा. कथील-शिशाचा डाख १८३ अंशांच्या आत वितळत नाही, निव्वळ कथील २३२ ला. पण त्या हौदात कॉस्टिक सोडा असतो आणि तो कथील-शिसं खातो. वर उरलेला क्षार पोकळीत बसून गंज वाढवतो, तो वेगळाच. डाखाच्या नळ्यांना जुनी, सावकाश गंज चढवून काळं करण्याची रीतच बरी.

खाडीपलीकडचा: उकललीय की नाही, घरच्या घरी कळेल?

जुना ठासणीवाला: बंदूक रिकामी आहे ना, ते आधी बघा. मग नळ्या दस्त्यापासून काढा, मागच्या आकड्यात बोट घालून टांगा आणि बोटाच्या पेराने टिचकी मारा. बाजारात मडकं वाजवून घेतो तसं. घंटेसारखा नाद घुमला तर डाख बहुधा शाबूत. बद्द वाजलं तर कुठेतरी उकललंय.

शब्दवेडी: ‘बद्द’! हा शब्द नोंदीत हवाच.

खाडीपलीकडचा: वाजवून आलो. नोंद अशी केली: ‘वरची पट्टी खोलगट, रेघा पुसट. खालची पट्टी पुढच्या लाकडाच्या टोकाशी उकललेली. नाद बद्द.’ आता कारागीर बघेपर्यंत काडतूस घालत नाही.