पुष्य नक्षत्राचे थेंब: सुवर्णप्राशनाने प्रतिकारशक्ती वाढते, याला आधार काय?

सरळरेघ

पुष्य नक्षत्र साधारण २७ दिवसांनी येतं आणि त्या दिवशी गावोगावी सुवर्णप्राशनाची शिबिरं लागतात. तान्ह्या बाळापासून सोळा वर्षांच्या मुलापर्यंत सगळ्यांच्या तोंडात मध-तुपात कालवलेल्या सुवर्णभस्माचे, म्हणजे सोन्याच्या भस्माचे, दोन-चार थेंब सोडले जातात. फलकावर लिहिलेलं असतं, प्रतिकारशक्ती वाढते, बुद्धी तल्लख होते, मूल वरचेवर आजारी पडत नाही.

माझं मत आधीच सांगतो. यातला एकही दावा आजवर नीट सिद्ध झालेला नाही. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला हे थेंब देणं चूक आहे, कारण त्यात मध असतो.

आधार विचारला की काश्यपसंहिता या बालरोगांवरच्या जुन्या आयुर्वेदग्रंथातल्या लेहाध्यायाचं (चाटणांच्या अध्यायाचं) नाव पुढे येतं. मग तोच उघडून बघू. तिथे काय सांगितलंय? पूर्वेकडे तोंड करून, धुतलेल्या दगडावर थोड्या पाण्यात सोनं उगाळायचं, मध-तुपात घोटायचं आणि बाळाला चाटवायचं. फळ असं की महिन्याभरात मूल परममेधावी होतं, रोग त्याच्या वाटेला जात नाहीत, आणि सहा महिन्यांत ते श्रुतधर होतं, म्हणजे ऐकलेलं त्याच्या ध्यानात राहतं. या श्लोकांमध्ये पुष्य नक्षत्र कुठेही नाही. भस्म नाही, उगाळलेलं सोनं आहे. 'मासात्' आणि 'षड्भिर्मासैः' या शब्दांवरून महिनाभराचं, सहा महिन्यांचं सेवन दिसतं. २७ दिवसांतून एकदा चार थेंब, हा प्रकार तिथे नाही. म्हणजे शिबिरात जे चालतं त्याला प्रयोगाचा आधार नाही आणि ग्रंथाचाही धड नाही.

खलात_घोटलेले

वैद्य म्हणून उत्तर देतो. एका ग्रंथातले दोन श्लोक म्हणजे सगळी परंपरा नव्हे. सुश्रुताच्या शारीरस्थानात दहाव्या अध्यायात बाळांसाठी सुवर्णाचे चार योग आहेत. कुठे कोष्ठ (एक औषधी मूळ) आणि वेखंडासोबत, कुठे शंखपुष्पीसोबत, कुठे पांढऱ्या दूर्वेसोबत, आणि चारही मध-तुपात. जातकर्मातही मध-तूप आहेच. उगाळलेल्या सोन्याच्या जागी भस्म आलं ते रसशास्त्राच्या, म्हणजे पारा आणि धातूंपासून औषधं करण्याच्या विद्येच्या, काळात, आणि ती सुधारणाच आहे.

भस्म म्हणजे सोन्याची पूड असं समजू नका. आधी शोधन: सोन्याचे पातळ पत्रे लाल तापवून तिळाचं तेल, ताक, गोमूत्र, कांजी आणि कुळथाचा काढा यांत क्रमाने, प्रत्येकात सात वेळा विझवायचे. मग पारा-गंधकाच्या कज्जलीबरोबर (दोन्ही एकत्र घोटून झालेल्या काळ्या पुडीबरोबर) खलात घोटायचं, चक्रिका म्हणजे चपट्या वड्या करायच्या, शरावात (मातीच्या ताटल्यांत) बंद करून कापडमातीने सांधे लिंपायचे आणि पुट द्यायचं, म्हणजे गोवऱ्यांच्या आगीत भाजायचं. अशी पुटं पुन्हा पुन्हा. उष्णता जास्त झाली तर कण एकमेकांना चिकटतात, कडक गोळा होतो आणि चमक परत येते. कमी पडली तर पारा मागे राहतो. शेवटी परीक्षा: बोटांच्या रेघांत शिरतं का (रेखापूर्ण), स्थिर पाण्यावर तरंगतं का (वारितर), उन्हात चकाकतं का (निश्चंद्र हवं), आणि मित्रपंचकाबरोबर (धातू परत मिळवायला घालतात त्या पाच द्रव्यांबरोबर) तापवल्यावर धातू परत येतो का (अपुनर्भव हवं).

राहिला पुराव्याचा प्रश्न. नवजात बाळांवर छोटे अभ्यास झालेत, त्यांत रक्तातलं आयजीजी (रोगांशी लढणारं एक प्रतिपिंड) वाढलेलं दिसलं. आधुनिक वैद्यकानेही संधिवातात सोनं वापरलंच ना? ऑरॅनोफिन हे सोन्याचंच औषध. सिद्ध व्हायचं बाकी आहे आणि खोटं आहे, या दोन गोष्टी वेगळ्या.

आवर्तसारणी

वैद्यबुवा, पुटाचं वर्णन अगदी बरोबर आहे. त्यातून काढलेले निष्कर्ष मात्र पटत नाहीत.

वारितर परीक्षेपासून सुरू करू. सोन्याची घनता पाण्याच्या १९.३ पट. तरीही बारीक पूड तरंगते ती पृष्ठताणामुळे. त्याच वाटीत भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब सोडा, पूड तळाशी जाईल. म्हणजे ही परीक्षा कण बारीक आहेत एवढंच सांगते. शुद्धता सांगत नाही, पारा निघून गेलाय का तेही सांगत नाही.

दुसरं, अपुनर्भव. लोखंड, जस्त, कथील यांच्या भस्मात धातूचं ऑक्साइड झालेलं असतं, तिथे या परीक्षेला अर्थ आहे. सुवर्णभस्माची क्ष-किरण विवर्तनाने तपासणी केली की त्यात धातुरूप सोनंच दिसतं, फक्त अतिसूक्ष्म कणांत. पोटातल्या आम्लात ते विरघळत नाही. सोनं विरघळवायला अम्लराज लागतं, तीन भाग संहत हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक.

ऑरॅनोफिनचं उदाहरण तर तुमच्याच विरोधात जातं. ते सोन्याचं संयुग आहे, धातू नाही. अमेरिकेत १९८५ साली त्याला परवानगी मिळाली ती संधिवातात शरीराची स्वतःविरुद्ध चाललेली प्रतिकारप्रक्रिया दडपण्यासाठी. ते घेणाऱ्याच्या रक्तपेशी आणि लघवीतली प्रथिनं ठरावीक दिवसांनी तपासावी लागतात, कारण मूत्रपिंड आणि अस्थिमज्जेला त्रास होऊ शकतो. प्रतिकारशक्ती वाढवण्याच्या दाव्याला प्रतिकार दडपणाऱ्या औषधाचा दाखला कसा चालेल?

आणि थेंबांबद्दल एक. तूप ३५ ते ४० अंशांवर पातळ होतं. अशा तुपात एक मायक्रॉनचा सोन्याचा कण तासाला साधारण एक मिलिमीटर खाली जातो. पाच मायक्रॉनचा गुठळा झाला असेल तर वेग पंचवीसपट, तासाला दोन-अडीच सेंटीमीटर. घट्ट मधात तो जवळजवळ हलत नाही. पण मध आणि तूप मुळात एकमेकांत विरघळत नाहीत. घोटणं कमी पडलं की तूप वर, मध खाली. मे महिन्यात मांडवात सकाळी भरलेली बाटली दुपारपर्यंत तशीच राहिली, तर पहिल्या मुलाला आणि शंभराव्या मुलाला सारखी मात्रा मिळणार नाही.

बालरुग्ण_कक्ष

मधाचं नीट सांगते, कारण मला सगळ्यांत जास्त काळजी त्याची आहे.

मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ते रुजत नाहीत. वर्षाखालच्या, विशेषतः सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजतात आणि तिथेच विष तयार करतात. पहिलं लक्षण बद्धकोष्ठ, म्हणून कोणाच्या लक्षातच येत नाही. मग पापण्या जड होतात, रडणं क्षीण होतं, ओढून दूध पिता येत नाही, मान धरत नाही, आणि शेवटी श्वासाचे स्नायू दमतात. मध दिल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत तीन दिवस ते महिना जाऊ शकतो, त्यामुळे शिबिराशी दुवा लागत नाही. मध उकळून उपयोग नाही, बीजाणू १०० अंशांना दाद देत नाहीत. ते मारायला दाबाखाली १२१ अंश लागतात. मध 'शुद्ध', 'रानातला' किंवा 'घरचा' असल्याने यात काडीचा फरक पडत नाही. म्हणून वर्ष पूर्ण होईपर्यंत मध नाही, आणि पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीच नाही.

काही मिश्रणांत वेखंडही असतं. त्यातल्या बीटा-असारोनमुळे प्राण्यांमध्ये गाठी झाल्याचं आढळल्यावर अमेरिकेने १९६८ साली वेखंड अन्नात घालायला बंदी केली. आपल्याकडच्या वेखंडाच्या तेलात हा घटक भरपूर असतो. बाळगुटीत एक वेढा उगाळणाऱ्या घरांनीही हे ध्यानात घ्यावं.

आता आयजीजी. बाळ जन्मतं ते आईकडून आलेलं आयजीजी घेऊन. ते पहिल्या काही महिन्यांत उतरतं आणि मग बाळाचं स्वतःचं हळूहळू चढतं. तुलनेला दुसरा गट नसेल तर कोणताही थेंब दिला तरी पुढे आकडा वाढलेलाच दिसणार. सर्दी-खोकल्याचंही तसंच. पाच वर्षांखालच्या मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणं नेहमीचं आहे, पाळणाघरात जाणाऱ्याला आणखी जास्त, आणि वय वाढतं तशी ती आपोआप कमी होते. 'दोन वर्षं थेंब दिले आणि आजारपण कमी झालं' हे खरं असतं, पण न देताही तेच झालं असतं.

खलात_घोटलेले

बाईंचा मधाचा मुद्दा मी मोडत नाही. वर्षाखालच्या बाळाला मधाशिवाय, नुसत्या तुपातून देणारे वैद्य आहेत आणि तसंच द्यावं. पण आवर्तसारणींचा 'सोनं विरघळत नाही म्हणून काम करत नाही' हा तर्क अपुरा आहे. अतिसूक्ष्म कण न विरघळताही आतड्यातून थोडे शोषले जातात, हे आता पदार्थविज्ञानवालेच सांगतात. दुसरं, थेंब एकजीव राहत नाहीत हा दोष करणाऱ्याचा. आधी भस्म थोड्या मधात तासन्‌तास घोटायचं, मग तूप थेंबाथेंबाने घालत जायचं, मध-तूप वजनाने असमान ठेवायचं, आणि मिश्रण छोट्या बाटल्यांत भरून दर वेळी हलवायचं. चार हलगर्जी शिबिरांवरून औषध मोजू नका.

आवर्तसारणी

थोडे कण शोषले जातात, मान्य. मग ते जातात कुठे? यकृत आणि प्लीहेत साठतात. वाढत्या मुलाला वर्षानुवर्षं दिल्यावर त्यांचं काय होतं, हे सांगणं देणाऱ्याचं काम आहे. शोषण होतं हा मुद्दा घेतलात तर ही जबाबदारीही घ्यावी लागेल.

आणि कज्जलीतल्या पाऱ्याचं काय? २००८ साली अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात एक पाहणी आली. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक औषधांपैकी २०.७ टक्क्यांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. रसौषधींत, म्हणजे धातू-खनिजं घालून केलेल्या औषधांत, ४०.६ टक्के, नुसत्या वनस्पतींच्या औषधांतही १७.१ टक्के. सुवर्णभस्माच्या काही पद्धतींत मनशीळ वापरतात, ती आर्सेनिकचंच संयुग. प्रत्येक घाण्याची (बॅचची) आयसीपी-एमएस तपासणी, म्हणजे धातूंचे सूक्ष्म अंशही मोजणारी चाचणी, झाल्याशिवाय 'आमचं भस्म शुद्ध आहे' या वाक्याला वजन नाही.

'शासकीय मर्यादेत आहे' एवढ्यावरही थांबू नका. वनस्पतिजन्य औषधांत शिशाची मर्यादा १० पीपीएम (दशलक्ष भागांत १० भाग) आहे. तोच निकष इथे लावून बघा. अर्धा मिली मिश्रण म्हणजे सुमारे ०.६ ग्रॅम, त्यात मर्यादेइतकं शिसं असेल तर ६ मायक्रोग्रॅम. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने मुलांसाठी अन्नातून येणाऱ्या शिशाची संदर्भपातळी दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम धरली आहे. महिन्यातून एकदा दिलं तर फरक थोडा, पण ग्रंथात दिसतं तसं महिनोन्‌महिने रोज दिलं तर तो मोठा. त्यात मुलाच्या अंगात लोह कमी असेल तर शिसं जास्त शोषलं जातं, आणि लोह कमी असलेली मुलं आपल्याकडे घरोघर आहेत.

पाटीपेन्सिल

वादात पडत नाही, एकच विचारायचं आहे. शाळेतच शिबिर आहे, मूल पाच वर्षांचं. नक्की काय विचारून हो किंवा नाही म्हणायचं?

सरळरेघ

एका मात्रेत सुवर्णभस्म किती मिलिग्रॅम, हे विचारा. सोनं ग्रॅमला दहा हजार रुपये धरलं तरी मात्रेत १ मिलिग्रॅम असेल तर ते दहा रुपयांचं होतं, दोनशे मुलांचं दोन हजार. थेंब फुकट असतील तर आकडा हमखास विचारावा. मग बाटलीचं लेबल बघा: उत्पादन परवाना क्रमांक, घाणा क्रमांक, तयार केल्याची आणि मुदतीची तारीख, घटक. भस्म कोणत्या कंपनीचं आणि त्या घाण्याचा जड धातूंचा अहवाल आहे का? वेखंड घातलंय का?

लेबलच नसेल तर कायदा लक्षात घ्या. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात वैद्याला स्वतःच्या रुग्णांसाठी परवान्याशिवाय औषध बनवायची सूट आहे. ती सूट स्वतःच्या रुग्णांपुरतीच आहे. न तपासता रांगेतल्या शाळाभर मुलांना 'स्वतःचे रुग्ण' म्हणणं मला मान्य नाही. शंका वाटली तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करता येते, बाटली जपून ठेवा. यातलं काहीच समजत नसेल तर नाही म्हणा. थेंब न दिल्याने मुलाचं काही बिघडत नाही.

बालरुग्ण_कक्ष

आणि लसीकरणाचं कार्ड तपासा. गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांत. २०२२ साली मुंबईत गोवंडीच्या बाजूला गोवर उसळला तेव्हा ज्यांना लस मिळाली नव्हती त्या मुलांना त्याचा सगळ्यात मोठा फटका बसला. थेंबांवर भिस्त ठेवून कोणी लस पुढे ढकलत असेल, तर तिथे मी वाद घालत नाही, सरळ थांबवते.

वैद्यबुवांना एक प्रस्ताव. दोन ते पाच वर्षांची मुलं घ्या, चिठ्ठ्या टाकून दोन गट करा. एकाला सुवर्णभस्मासह मध-तूप, दुसऱ्याला त्याच रंगाचं, चवीचं, भस्माविना. बाटल्यांवर फक्त क्रमांक, कोणाला काय दिलं ते वैद्यालाही माहीत नाही, आईलाही नाही. वर्षभर तापासह सर्दी-खोकल्याच्या वेळा मोजा. सरासरी सहा आणि प्रमाणित विचलन (सरासरीभोवतीचा फैलाव) तीन धरलं, तर वर्षाला एका आजारपणाचा फरक पकडायला प्रत्येक गटात सुमारे १४० मुलं लागतात. गळती धरून १७० घ्या. काय मोजणार ते आधी जाहीर नोंदवा, निकाल उलटा आला तरी छापा.

खलात_घोटलेले

आराखडा चांगला आहे, मला दोन बदल हवेत. मात्रा पुष्यालाच न देता रोज द्यायची, कारण ग्रंथोक्त प्रयोग तोच. आणि लेहाध्यायात ज्यांना लेह देऊ नये असं सांगितलंय, म्हणजे ज्वर, अतिसार, अजीर्ण असलेली मुलं, ती आधी वगळायची. सगळ्यांना सरसकट देणं आयुर्वेदातच बसत नाही.

बालरुग्ण_कक्ष

वगळणं मान्य. रोजच्या मात्रेला मात्र अट आहे: सुरुवातीला, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात दोन्ही गटांच्या रक्तातलं शिसं आणि पारा तपासायचा, आणि कुठल्याही मुलाचं शिसं डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की त्याचे थेंब त्याच दिवशी बंद. ही अट नसेल तर कोणतीही नैतिकता समिती सही करणार नाही, आणि करूही नये.

खलात_घोटलेले

अट मान्य. पण अभ्यास होईपर्यंत सगळ्यांनी देणं थांबवावं, हे मला मान्य नाही.

सरळरेघ

मतभेद तिथेच आहे. माझ्या मते, अभ्यास होईपर्यंत निरोगी मुलाला ते द्यायचं कारणच नाही.