बाबांना शब्द सापडत नाहीत (पीपीए). घरच्यांसाठीचं ऑनलाइन प्रशिक्षण कोणी घेतलंय का?

जामसंडेची लेक
नमस्कार. माझे बाबा ७१ वर्षांचे. देवगडात आमची हापूसची कलमं आहेत. काही वर्षांपासून बोलताना त्यांना शब्द सापडत नाहीत. मुंबईच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी निदान केलं : प्रायमरी प्रोग्रेसिव्ह अफेजिया (पीपीए), म्हणजे भाषा हळूहळू हरवत जाणारा मेंदूचा आजार. त्यातला लोगोपेनिक, म्हणजे शब्द न सापडण्याचा प्रकार. बाकी बाबांचं सगळं जागेवर आहे. कुठल्या कलमाला मोहोर उशिरा आला ते त्यांना ठाऊक असतं, आढीतला आंबा हातात घेऊन कधी पिकेल ते ओळखतात. पण 'पेटी' म्हणायचं असेल तर हाताने चौकोन करून दाखवतात. लांब वाक्य एका दमात सांगितलं तर अर्धंच पोचतं.

डॉक्टर म्हणाले, घरच्यांनी बोलायची पद्धत शिकून घ्या, ऑनलाइन प्रशिक्षण असतं. शोधलं तर बहुतेक सगळं इंग्रजीत. आणि बाबांसोबत दिवसभर असते ती आई. ती मराठी वाचते, बोलते मालवणी. "माका इंग्रजी येणा नाय, तू बघ आणि माका सांग," म्हणते. मी नोकरीला कणकवलीत, सुट्टीत घरी जाते. घरात व्हिडिओ अडकतो, खळ्यात गेलं तर रेंज येते.

मी शिकून आईला शिकवलं तर चालेल का? आणि त्याने खरंच काय बदलतं? गणपतीत चाकरमानी येतील आणि जो तो विचारील, "काका, माका वळाखलात काय? माझा नाव सांगा बघूया." गेल्या वर्षी बाबा आरती अर्धी टाकून मागच्या पडवीत जाऊन बसले. यंदा तसं होऊ द्यायचं नाही.

वाचा-उपचार, रत्नागिरी
ताई, मी स्पीच थेरपिस्ट आहे. आईंना इंग्रजी येत नाही ही खरी अडचण नाही. या प्रशिक्षणात बाबांना हरवलेले शब्द पाठ करायला लावत नाहीत. बदलायचं असतं समोरच्याने, आणि ते मालवणीतच व्हायला हवं, कारण बाबांच्या गजाली मालवणीत चालतात.

लंडनच्या यूसीएल विद्यापीठात 'बेटर कन्व्हर्सेशन्स विथ प्रायमरी प्रोग्रेसिव्ह अफेजिया' नावाचा उपक्रम तयार झाला. आठवड्याला एक तास, अशी चार सत्रं. रुग्ण आणि घरचा माणूस दोघं मिळून आपल्याच गप्पांचे व्हिडिओ बघतात. गाडी कुठे अडली, कशाने सुटली ते शोधतात आणि काय बदलायचं ते दोघंच ठरवतात. अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात सुरू झालेल्या 'कम्युनिकेशन ब्रिज' या संशोधनातही घरबसल्या व्हिडिओ कॉलवर रुग्ण आणि जोडीदार दोघांनाही घेतलं होतं.

तुम्ही घरी हेच करू शकता. आई-बाबा सकाळी चहा घेताना बोलतात, ते दहा मिनिटं मोबाईलवर घ्या. आधी बाबांना विचारून, लपवून नाही. मग तिघांनी बघा. बहुतेक घरांत पहिल्यांदा दिसतं ते हे : उत्तर आपल्याला माहीत असूनही आपण प्रश्न विचारतो. "हे काय आहे? ह्याला काय म्हणतात?" ती गप्पा नव्हे, परीक्षा होते. तुमच्या चाकरमान्यांचा प्रश्न तोच. बाबा हाताने चौकोन करतात आणि आईंना पेटी कळली, तर बोलणं पुढे न्यावं, तो शब्द वदवून घेऊ नये. लोगोपेनिक प्रकारात लांब वाक्य डोक्यात धरून ठेवणं जड जातं, म्हणून एका वाक्यात एकच गोष्ट. वांद्र्याच्या अली यावर जंग वाचा-श्रवण संस्थेत मराठी बोलणारे थेरपिस्ट मिळतील का तेही विचारा.

एक सांगून ठेवते. हा आजार हळूहळू वाढतो. बोलणं अचानक गेलं, तोंड वाकडं झालं, तर तो पक्षाघात असू शकतो, लगेच रुग्णालय गाठा.

गुहागरचा काका
माझ्या पत्नीला पीपीएच, पण सिमँटिक प्रकार. ती भरभर बोलते, शब्दाचा अर्थच गेलेला असतो. "आमसुलं दे" म्हटलं तर "आमसुलं म्हणजे काय?" विचारते. तिला समजावून काही होत नाही, बरणी समोर धरावी लागते. तेव्हा कुठलंही प्रशिक्षण घ्या, आधी आपला प्रकार सांगा. माझे उपाय तुमच्या बाबांना लागू पडतीलच असं नाही.

मी जागतिक आरोग्य संघटनेचं 'आयसपोर्ट' हे सांभाळणाऱ्यांसाठीचं ऑनलाइन प्रशिक्षण केलं. मोफत आहे, २३ धडे. संवादावर एक धडा आहे, पण ते एकूण स्मृतिभ्रंशासाठी, भाषेच्या आजारापुरतं तोकडं पडतं. मला उपयोग झाला तो सांभाळणाऱ्याने स्वतःला कसं जपायचं या भागाचा. तुमच्या आईला तो आधी वाचून दाखवा. आणि सातबारा, मृत्युपत्र यांचं बोलणं आत्ताच करा, बाबांना त्यांचं मत सांगता येतंय तोवर.

जामसंडेची लेक
दोघांचेही आभार. आईला खळ्यात बसवून हे सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे तेंका विचारूचा नाय, तेंच्यावांगडा बोलाचा." घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपसाठी हे लिहिलंय, बरोबर आहे का बघा :

'बाबांना भाषेचा आजार आहे. ते आपल्याला ओळखतात, नाव मात्र पटकन येत नाही. आल्यावर आपलं नाव आपणच सांगा. एका वेळी एकानेच बोला, टीव्ही बंद ठेवा. ते थांबले तर थांबा, वाक्य पुरं करू नका. आंब्याबद्दल बोला. भजनाला पखवाज त्यांच्याच हातात द्या.'

वाचा-उपचार, रत्नागिरी
दोन बदल. "वाक्य पुरं करू नका" ऐवजी "शब्द सांगू का, असं विचारा" लिहा, कारण काहींना मदत हवी असते. आणि "बाबांना काय हवं ते आईला विचारू नका, बाबांनाच विचारा" ही ओळ घाला. पाठवण्याआधी मजकूर बाबांसमोर ठेवून एकेक ओळ वाचा, खाली कागदावर मोठ्या अक्षरात 'हो' आणि 'नको' लिहा. आजार त्यांचा आहे, ग्रुपवर काय जावं ते त्यांना बोट ठेवून ठरवू द्या. पखवाजाचंही विचारा.